डोळ्याला चढणारा गंज



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही बोनस, किमान वेतन किंवा ठेकेदारी यांपैकी एखादा विषय सांगू, अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही ‘डोळा’ असे सांगितल्यावर त्यांनी दोनदा खात्री करून घेतली. आमचे शाळेतील शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काय झाले ते युनियनच्या कचेरीत, रात्रपाळीच्या जागरणात आणि वाचनालयाच्या बाकावर. नेत्रवैद्यकावर बोलण्याचा आम्हांस अधिकार नाही, हे आरंभीच कबूल केलेले बरे. परंतु लोखंडाशी आमचा तीस वर्षांचा घरोबा आहे, आणि आजची गोष्ट निम्मी डोळ्याची असली तरी निम्मी लोखंडाची आहे. तेवढ्या निम्म्याच्या बळावर आम्ही उभे आहो.

‘जालना सोने का पालना’ ही म्हण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. ती झाली तेव्हा येथील बाजारपेठेत सोने खेळत असेल. आज या पाळण्यात लोखंड झोपते. देशाच्या कानाकोपऱ्यातून, परदेशांतूनही भंगार येते, औद्योगिक वसाहतीतील भट्ट्यांत वितळते आणि सळई होऊन घरांच्या खांबांत जाते. त्या भट्टीपुढे उभा राहणारा, ग्राइंडर चालविणारा, वेल्डिंग करणारा, छिन्नी-हातोडा घेऊन यंत्र दुरुस्त करणारा जो माणूस, तो आमचा सभासद. त्याच्या हातापायांची काळजी सगळे करतात, कारण हातपाय तुटला की दिसतो. डोळा जातो तो मात्र गुपचूप जातो.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका साथीच्या बाबतीत असेच झाले. गडी फिटर. एके दिवशी अडकलेली खीळ छिन्नीवर घाव घालून काढीत असता डोळ्यात काहीतरी टोचल्यासारखे झाले. त्याने डोळा चोळला, पाणी मारले, सोबत्याने रुमालाचे टोक फिरवून पाहिले. काही दिसले नाही, दुखणेही संध्याकाळपर्यंत थांबले. पाळी बुडाली नाही म्हणून तो खुशीत होता. पुढे सात-आठ महिन्यांनी त्याच डोळ्याने त्याला संध्याकाळनंतर दिसेनासे झाले. बायको म्हणाली, “अहो, तुमच्या एका डोळ्याचा रंग बदललाय.” दोन बुबुळांचे रंग खरोखरच निराळे दिसत होते. डॉक्टरांनी फोटो काढविला, तेव्हा डोळ्याच्या आत, अगदी मागे, मोहरीच्या कणाहूनही लहान असा लोखंडाचा तुकडा निघाला. डॉक्टर म्हणाले, “याच्या डोळ्याला आतून गंज चढला आहे.” आम्हांस वाटले, साध्या माणसाला समजावे म्हणून ते तसे बोलत आहेत. नंतर पुस्तके चाळली तेव्हा कळले की, ती उपमा नव्हती. वैद्यकात या रोगाला जे नाव आहे त्याचा अर्थच मुळी ‘डोळ्याचे लोहपण’ असा आहे.

त्या तुकड्याने डोळा फोडला नव्हता. जखम तर आपली आपण बुजलीही होती. मग इतका चिमुकला तुकडा नुसता पडून राहून डोळा कसा मारतो? या एका प्रश्नाने आम्हांस वाचनालयात नेले, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता आमची मजल अशा ठिकाणी गेली की, ज्यांनी जन्मात कारखाना पाहिला नाही त्यांच्या म्हाताऱ्या आईवडिलांच्या डोळ्यांशीही त्याचा संबंध आहे असे दिसून आले.

इंग्लंडात केंब्रिजला हेन्री फेंटन नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ होऊन गेले. १८९४ साली त्यांनी एक निबंध छापला. चिंचेला जे आम्ल आंबटपणा देते, त्या टार्टारिक आम्लात त्यांनी हायड्रोजन पेरॉक्साइड घातले. जखम धुण्याचे जे फसफसणारे पाणी दवाखान्यात असते, तेच हे. नुसते घातले तर फारसे काही होत नाही. परंतु त्यात लोखंडाचा क्षार चिमूटभर टाकला की, आम्लाची मोडतोड झपाट्याने सुरू होते. या खटाटोपात लोखंड खर्च होत नाही, हा त्यातील मर्माचा मुद्दा. ते एकदा आपला एक विद्युत्कण पेरॉक्साइडला देते, त्यातून एक अतिशय भडक स्वभावाचा तुकडा निर्माण होतो. मग लोखंडाला कोठून तरी विद्युत्कण परत मिळतो आणि ते पुन्हा कामाला लागते. ठेकेदार जसा स्वतः फावड्याला हात न लावता दिवसभर माणसे जुंपीत राहतो, तसे हे लोखंड. म्हणूनच मोहरीएवढा कण पुरतो.

तो जो भडक तुकडा म्हणालो, त्याला शास्त्रात मुक्त मूलक म्हणतात. आम्ही त्याला मोकाट म्हणतो. त्याला एक विद्युत्कण कमी असतो, म्हणून जो शेजारी सापडेल त्याच्याकडून तो ओरबाडून घेतो. मग तो शेजारी मोकाट होतो आणि आपल्या शेजाऱ्याला धरतो. अशी साखळी लागते. शेंगदाण्याचे तेल उघडे ठेवले की खवट होते, ते याच साखळीने. कापलेले वांगे काळे पडते त्यातही असेच ऑक्सिजनचे खेळ असतात. ज्या प्राणवायूवाचून आपण पाच मिनिटे जगत नाही, त्याचेच हे दुसरे तोंड आहे. निसर्गात फुकट काहीच मिळत नाही, हे कामगाराला सांगावे लागत नाही.

आता डोळाच का? याचे कारण डोळ्याच्या घडणीत आहे. डोळ्याच्या मागच्या भिंतीवर जो पडदा असतो, ज्याला दृष्टिपटल म्हणतात, तो शरीरातील अत्यंत खादाड अवयवांपैकी एक. वजनाच्या मानाने तो जितका प्राणवायू घेतो, तितका फारच थोडे भाग घेतात. त्यावर दिवसभर उजेडाचा मारा. आणि त्यातील प्रकाश टिपणाऱ्या पेशी ज्या चरबीच्या बनलेल्या असतात, ती चरबी तेलासारखी पातळ जातीची, म्हणजे लवकर खवट होणारी. प्राणवायू, उजेड आणि खवटणारे तेल ही तिन्ही एका जागी! किराणा दुकानदारसुद्धा तेलाचा डबा असा ठेवीत नाही. निसर्गाने यावर तोड काढली ती अशी की, या पेशींच्या टोकाचा सुमारे दहावा भाग रोज झडतो व नवा तयार होतो. झडलेला कचरा मागच्या थरातील पेशी खाऊन टाकतात. तरुणपणी हे सफाईखाते चोख असते. वय वाढले की कचरा साचू लागतो.

पुढचे भिंग त्याच्या अगदी उलट. त्यात रक्तवाहिनी नाही, नव्याजुन्याची अदलाबदल नाही. भिंगाच्या गाभ्यातील प्रथिने आपल्या जन्माच्या आधी घडलेली असतात आणि शेवटपर्यंत तीच राहतात. साठीच्या माणसाचे केस, कातडी, रक्त सगळे कितीदा बदललेले असते, पण भिंगाचा गाभा साठ वर्षांचाच. त्या प्रथिनांना मोकाट मूलकांचे जे डाग पडले ते पडले. डाग साचून ती एकमेकांस चिकटू लागली की, काचेवर दूध सांडल्यासारखे होते. तोच मोतीबिंदू.

इतकी वर्षे भिंग स्वच्छ राहते हेच नवल, आणि त्याला कारण डोळ्याची राखण. डोळ्याच्या पुढच्या भागातील पाण्यात क जीवनसत्त्व रक्ताच्या मानाने वीसपट असते. भिंगात ग्लुटाथायोन नावाचे द्रव्य भरपूर असते. ही द्रव्ये मोकाटाच्या तोंडाशी आपण होऊन जातात, आपला विद्युत्कण देऊन टाकतात, आणि साखळी तेथेच तुटते. अशा द्रव्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. शुद्ध मराठीत प्रतिऑक्सिडक. वर्तमानपत्रांच्या जाहिरातींनी हा शब्द खेडोपाडी नेला, पण त्याचा अर्थ मात्र जाहिरातवाल्यांनी आपल्यापाशीच ठेवला. ही द्रव्ये संपात पुढे उभी राहून लाठी खाणाऱ्या कार्यकर्त्यांसारखी असतात. एक कार्यकर्ता एकच लाठी झेलतो. म्हणून त्यांची भरती सतत चालू ठेवावी लागते.

परंतु लाठ्या चालविणारा जो आहे, त्याला आवरण्याचे काय? येथे दुसऱ्या जातीची द्रव्ये येतात. लोखंड, तांबे यांसारख्या धातूंना शरीर कधीच मोकळे सोडीत नाही. रक्तातील लोखंड एका प्रथिनाच्या पकडीत फिरते, पेशीतील लोखंड दुसऱ्या प्रथिनाच्या कोठीत बंद असते, अश्रूंतसुद्धा लोखंड पकडणारे प्रथिन असते. म्हणजे शरीराला ही विद्या आधीपासून अवगत आहे. माणसाने तिची नक्कल केली आणि धातूला चहूबाजूंनी धरून ठेवणारी रसायने बनविली. १९२० साली मॉर्गन आणि ड्रू या दोघा रसायनज्ञांनी अशा पकडीला खेकड्याच्या नांगीवरून नाव दिले. ग्रीक भाषेत नांगीला जो शब्द आहे त्यावरून ‘चीलेट’ शब्द झाला. आम्ही या रसायनांना नांगीद्रव्ये म्हणतो. खेकड्याने पकडलेले बोट जसे कामाचे राहात नाही, तसे नांगीत सापडलेल्या लोखंडाला ठेकेदारी करता येत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे, आणि जाहिरातीत ती कधीच येत नाही. लोखंड मोकळे असेल, तर क जीवनसत्त्व उलट अपाय करू शकते. कारण मघाशी आम्ही म्हणालो की, लोखंडाला विद्युत्कण ‘कोठून तरी’ परत मिळतो. तो देणारे क जीवनसत्त्वच असू शकते! एरवीचा रखवालदार ठेकेदाराला येऊन मिळतो. म्हणजे अँटिऑक्सिडंट जितके जास्त तितके बरे, हा हिशेब खरा नाही. आधी धातू बांधलेला पाहिजे, मग रखवालदार आपले काम नीट करतो. आमच्या फिटर साथीच्या डोळ्याचे कोडे आम्हांस येथे उलगडले. त्याला कितीही जीवनसत्त्वे चारली असती, तरी तो तुकडा बाहेर निघाल्याखेरीज उपयोग नव्हता.

नांगीद्रव्यांनी डोळा वाचतो काय, याचे उत्तर कोठे ‘होय’, कोठे ‘अजून नाही’ आणि कोठे ‘सांभाळा’ असे आहे.

‘होय’ म्हणण्याजोगे उदाहरण विल्सनच्या रोगाचे. काही मुलांच्या शरीरात जन्मजात दोषामुळे तांबे साचत जाते. ते यकृतात साचते, मेंदूत साचते, आणि डोळ्याच्या काळ्या भागाभोवती त्याचे सोनेरी-तपकिरी कडे उमटते. ते कडे १९०२ व १९०३ साली कायझर आणि फ्लायशर या दोन जर्मन वैद्यांनी पाहून ठेवले. त्यावर तेव्हा उपाय नव्हता. १९५६ साली वॉल्श नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी पेनिसिलामीन हे पेनिसिलीनच्या कुळातले द्रव्य दिले. त्याने तांब्याला नांगीत धरून लघवीवाटे बाहेर नेले. मुले जगू लागली, आणि उपचार चालू ठेवला असता डोळ्यातील कडेही हळूहळू फिके होत जाते असे आढळले. दुसरे उदाहरण साधे आहे. डोळ्याच्या पारदर्शक पडद्यावर कधी कधी चुन्याचा पट्टा बसतो. ईडीटीए नावाचे नांगीद्रव्य लावून डॉक्टर तो चुना सोडवून काढतात. १९५० च्या दशकापासून ही रीत आहे.

‘सांभाळा’ म्हणावे असे उदाहरण डेस्फेरिऑक्झामिनचे. जमिनीतील एका सूक्ष्म जीवापासून मिळालेले हे लोखंडाचे नांगीद्रव्य. ज्या थॅलसेमियाच्या मुलांना वरचेवर रक्त द्यावे लागते, त्यांच्या अंगात लोखंड साचते. ते काढावयास १९६० च्या दशकापासून हे औषध वापरात आले आणि त्याने असंख्य मुले वाचली. परंतु मात्रा जास्त झाली तर हेच औषध दृष्टिपटलाला इजा करते, म्हणून त्या मुलांचे डोळे वेळोवेळी तपासावे लागतात. त्याचे एक कारण असे असावे. लोखंड हा काही निव्वळ शत्रू नाही. डोळ्यातील कित्येक कामे त्याच्यावाचून अडतात. नांगीला चोर आणि साव ओळखता येत नाहीत.

आणि ‘अजून नाही’ हे उदाहरण आपल्या म्हाताऱ्यांचे. उतारवयात काहींच्या दृष्टिपटलाचा मधला पिवळा ठिपका झिजतो. बाजूचे दिसते पण समोरच्या माणसाचे तोंड दिसत नाही. अमेरिकेतील संशोधकांनी मृत्यूनंतर दान केलेले डोळे तपासून २००३ साली असे दाखविले की, हा रोग असलेल्या डोळ्यांत लोखंड अधिक साचलेले असते. म्हणजे फिटरच्या डोळ्यात जे एका घावासरशी झाले, ते म्हाताऱ्याच्या डोळ्यात वर्षानुवर्षे थेंबाथेंबाने होत असावे. उंदरांना लोखंडाचे नांगीद्रव्य दिले असता त्यांचे दृष्टिपटल वाचते, असेही दिसले आहे. परंतु माणसाच्या या रोगावर असे औषध अजून मान्य झालेले नाही. आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतही मधुमेही उंदरांना हळद आणि आवळा चारून पाहिला. त्यांचा मोतीबिंदू उशिरा आला. हळदीत लोखंड पकडण्याचाही गुण आहे. आम्हांस याचा अभिमान वाटतो, पण उंदीर तो उंदीर. हळदीतील ते द्रव्य माणसाच्या आतड्यातून फारच थोडे रक्तात जाते. हळद घालून वरण जेवावे; हळदीने मोतीबिंदू जातो असे मात्र कोणास सांगू नये, आणि डोळ्यात तर ती घालूच नये.

आता गोळ्यांकडे येतो, कारण याचसाठी आम्ही हा विषय घेतला. आमचे सभासद पगाराच्या दिवशी डोळ्यांच्या गोळ्यांची डबी घेऊन कचेरीत येतात आणि विचारतात, “साहेब, या खऱ्या का?” डबीवर डोळ्याचे मोठे चित्र असते.

खऱ्या-खोट्याची परीक्षा अमेरिकेतील राष्ट्रीय नेत्रसंस्थेने केली आणि तिचा निकाल २००१ साली जाहीर झाला. क जीवनसत्त्व ५०० मिलिग्रॅम, ई जीवनसत्त्व ४०० एकक, बीटा कॅरोटीन १५ मिलिग्रॅम, जस्त ८० मिलिग्रॅम, आणि जस्तामुळे अंगातील तांबे कमी पडू नये म्हणून २ मिलिग्रॅम तांबे, असे ते मिश्रण होते. काहींना मिश्रण दिले, काहींना नुसती बिनऔषधाची गोळी. कोणाला काय दिले हे ना रोग्यास ठाऊक, ना तपासणाऱ्यास. ज्यांच्या पिवळ्या ठिपक्याची झीज मधल्या पायरीवर आली होती, त्यांच्यापैकी नुसती गोळी खाणाऱ्या शंभरांत पाच वर्षांत २८ जण शेवटच्या पायरीस गेले, मिश्रण खाणाऱ्या शंभरांत २०. म्हणजे शंभरांत आठांचा डोळा सावरला. हे लहान यश नव्हे. परंतु ज्यांना रोग नव्हता किंवा नुकताच कोठे आरंभ होता, त्यांना लाभ दिसला नाही. आणि मोतीबिंदूवर तर काहीच परिणाम झाला नाही.

आमच्याकडील माणसाला अमेरिकेचा दाखला पटत नाही. तो म्हणतो, ते मांस-अंडी खाणारे, आपल्या अन्नातच कमतरता, तेव्हा आपल्याला गुण येईल. शंका रास्त आहे, आणि शास्त्रज्ञांनाही ती आली होती. म्हणून दक्षिण भारतात ७९८ माणसांना पाच वर्षे आठवड्यातून तीनदा अ, क आणि ई जीवनसत्त्वे देऊन पाहण्यात आले. निकाल २००६ साली छापला. मोतीबिंदू वाढावयाचा तितका वाढलाच.

बिडी ओढणाऱ्यांसाठी यात एक धोक्याची घंटा आहे. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक विडीबाज पुरुषांवर बीटा कॅरोटीनचा प्रयोग झाला. कर्करोग टळेल अशी आशा होती. १९९४ साली निकाल लागला तो असा की, ती गोळी खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग शेकडा १८ ने जास्त निघाला. म्हणून डोळ्यांच्या मिश्रणातून पुढे ते काढण्यात आले. २०१३ साली जाहीर झालेल्या दुसऱ्या अमेरिकन प्रयोगानंतर त्याच्या जागी ल्युटीन १० मिलिग्रॅम व झिआझँथीन २ मिलिग्रॅम आले. ही पिवळी द्रव्ये पिवळ्या ठिपक्यात मुळातच असतात. तेव्हा ज्याच्या खिशात बंडल आहे, त्याने जुन्या पद्धतीची डबी दुकानातून मनाने आणू नये. आणि बंडल टाकून दिले तर अधिक उत्तम, कारण तंबाखूचा धूर हा मोतीबिंदू आणि पिवळ्या ठिपक्याची झीज या दोहोंचाही जुना सोबती आहे. घरातल्या बाईच्या चुलीच्या धुराचेही असेच आहे. पण तिला बंडल टाकून देण्याची सोय नसते.

हीच ल्युटीन-झिआझँथीन पालकात, मेथीत, मक्यात, अंड्याच्या पिवळ्या बलकात आहेत. क जीवनसत्त्वासाठी आवळा आहे, पेरू आहे, आणि ज्या जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले ती मोसंबी आहे. आमच्या मंडळींची गंमत अशी की, मोसंबी पेटीत भरून बाहेरगावी पाठवितात आणि तिच्यातील जीवनसत्त्व डबीत भरलेले विकत आणतात. असो. भाजी खाल्ल्याने गेलेला डोळा येत नाही, परंतु पोटाला तरी ती लागते.

डोळ्याचा खरा घात गोळ्यांनी होत नाही, त्यांत बहुधा पैसेच जातात. घात थेंबांनी होतो. ‘ऑपरेशनशिवाय मोतीबिंदू विरघळवा’ अशी पाटी आपण पाहिली असेल. कार्नोसीनच्या जातीचे थेंब असतात, कोणी मध देतो, कोणी कांद्याचा रस. कार्नोसीनच्या थेंबांवर झालेल्या संशोधनाचा तपास २०१७ साली निष्पक्ष मंडळींनी केला. त्यांना विश्वास ठेवण्याजोगा पुरावा मिळाला नाही. अंड्याचा पांढरा बलक उकडल्यावर पुन्हा पातळ होत नाही, तद्वत् भिंगातील चिकटलेली प्रथिने पूर्ववत करणारे सिद्ध औषध आजमितीस नाही. आमच्या माहितीतल्या एका भट्टीवाल्या वृद्ध कामगाराने असे थेंब दोन वर्षे घातले. कोणी विकले ते येथे सांगत नाही. मोतीबिंदू आत पिकून त्याचे द्रव्य झिरपू लागले, डोळ्याचा दाब चढला, आणि तो भिंत धरून आमच्या दारी आला तेव्हा डोळ्याची शीर मेली होती. वेळेवर येता तर अर्ध्या तासाच्या शस्त्रक्रियेने दिसू लागला असता. येथे जालन्यातच गणपती नेत्रालयासारखे रुग्णालय असता हे व्हावे, याचे दुःख अधिक. तो म्हणाला, “पाळी बुडाली असती ना, दादा.” आम्हांस त्याला रागावता आले नाही.

त्याचा मोतीबिंदू भट्टीनेच आणला होता काय? तसे सिद्ध करणे कठीण. पण तापलेल्या काचेपुढे व धातूपुढे वर्षानुवर्षे उभे राहणाऱ्यांच्या भिंगाला उष्णतेच्या अदृश्य किरणांनी मोतीबिंदू होतो, हे युरोपातील काच कारागिरांच्या उदाहरणाने फार पूर्वीच माहीत झाले होते. आपल्याकडे १९२३ च्या भरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात धंद्याच्या रोगांची यादी होती, तीत या मोतीबिंदूचे नाव होते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती यादी पुढे घेतली. नाव असून उपयोग काय झाला ते ऐका. १९२३ च्या कायद्याप्रमाणे या रोगाला एका मालकाकडे सलग सहा महिने नोकरी दाखवावी लागे. आमचा माणूस एकाच भट्टीपुढे वीस वर्षे उभा होता, पण कागदावर दर काही महिन्यांनी त्याचा ठेकेदार बदलत होता. डोळा सलग गेला, नोकरी मात्र तुकड्यातुकड्याने झाली होती.

१९४८ च्या कारखाने कायद्यात ३५ वे कलम सबंध डोळ्यांच्या रक्षणासाठीच घातले होते. उडणारे कण आणि तीव्र प्रकाश या दोहोंसाठी चष्मे किंवा आडोसे असावेत असे त्यात होते. चष्मे आले नाहीत असे नाही. ते कपाटात आले, आणि तपासणीच्या दिवशी नाकावर आले. यात आमच्या लोकांचाही दोष आहे, तो आम्ही लपवीत नाही. मे महिन्यात भट्टीपुढे चष्म्याच्या काचेवर घामाची वाफ धरते, दिसत नाही, म्हणून पोरे तो कपाळावर चढवितात. तेव्हा आम्ही नुसते “चष्मा घाला” म्हणत नाही. वाफ न धरणारा, कानशील न दुखविणारा, भट्टीसाठी गडद आणि ग्राइंडरसाठी पांढरा, ज्याच्या त्याच्या मापाचा चष्मा मागतो. एका डबीच्या गोळ्यांहून तो महाग नसतो.

आता, कण डोळ्यात गेलाच तर काय करावे, एवढे सांगून थांबतो. चोळू नये. काडीने, रुमालाने, जिभेने काढू नये. वरवर बसलेला कणसुद्धा एका दिवसात आपल्याभोवती गंजाचे कडे करतो, ते डॉक्टरांनीच काढावे लागते. वेल्डिंगचा उजेड लागून रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखे होते ती गोष्ट निराळी. ते बहुधा एक-दोन दिवसांत बरे होते, बटाट्याच्या चकत्या त्याचे श्रेय फुकट घेतात. पण लोखंडावर लोखंड आपटताना काही टोचले असेल, तर दुखो वा न दुखो, दिसो वा न दिसो, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि “हातोडीचे काम करीत होतो” हे शब्द आपण होऊन सांगावे. त्या शब्दांवरून डॉक्टर आतला फोटो काढवितात. आत तुकडा सापडला तर तो काढता येतो. बर्लिनच्या हिर्शबर्ग यांनी १८७९ सालीच विद्युत्चुंबक लावून असा तुकडा काढला होता, आणि आजची साधने त्याहून पुष्कळच नाजूक आहेत. आणखी एक. ज्याने कधी घणाचे, ग्राइंडरचे काम केले आहे, त्याला पुढे कंबरेसाठी वा डोक्यासाठी एमआरआय काढावयास सांगितले, तर यंत्रात जाण्यापूर्वी हे काम सांगावे. त्या यंत्रात प्रचंड चुंबक असतो, आणि वीस वर्षांपूर्वीचा विसरलेला कण डोळ्यात असेल तर तो त्या चुंबकाने हलतो.

आमच्या फिटर साथीचा तुकडा निघाला. भिंगही बदलले. दिवसा त्याला त्या डोळ्याने बरे दिसते. अंधार पडला की तो अजून भिंतीच्या बाजूने चालतो. त्याने रात्रपाळी बंद करून मागितली आहे, आणि तो अर्ज घेऊन उद्या सकाळी आम्हांस व्यवस्थापकांकडे जावयाचे आहे.